पाळणे कमी झाले तरी पुणे का फुगतंय? महाराष्ट्राच्या लोकसंख्येची पार्श्वभूमी

संध्याकाळी पुण्यात धायरी फाट्याला गाडी अडकली की कुणीतरी म्हणतंच, "लोकसंख्या किती वाढलीये बघा!" मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधे पण तेच झालं, विषय होता टँकरच्या बिलाचा आणि पाच मिनिटांत सगळे 'लोक पोरं फार काढतात' यावर आले. मला राहवलं नाही. मी विचारलं की इथे बसलेल्यांपैकी कुणाला दोनपेक्षा जास्त मुलं आहेत? फक्त वरच्या मजल्यावरच्या जोशी आजींनी हात वर केला, त्यांचं वय ८१.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. महाराष्ट्रात जन्मदर पडून बरीच वर्षं झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा, १९९२-९३ ला एका बाईमागे सरासरी २.८६ मुलं होती, २००५-०६ ला २.११ आणि २०१९-२१ च्या पाहणीत १.७१. एका पिढीच्या जागी तेवढीच दुसरी पिढी यायला साधारण २.१ लागतात, म्हणजे आपण त्याच्या खाली कधीच गेलोय. तरी पुण्यात पाय ठेवायला जागा नाही, हे पण खरंच आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

माझ्या आजोबांची एक जुनी हिशेबाची वही आईकडे आहे, लाल कापडी बांधणीची. पुढच्या पानांवर भाताचा, नारळाचा हिशेब आणि शेवटच्या पानावर मुलांच्या जन्माच्या तिथी, एकाखाली एक नऊ ओळी. त्यातल्या तीन ओळींपुढे नंतर वेगळ्या शाईने लिहिलंय, 'गेला', 'गेली', 'गेला'. बाकी काही नाही, कारण नाही, वय नाही. आजीला कुणी विचारलं की किती मुलं, तर ती म्हणायची "नऊ झाली, सहा राहिली", आणि तिच्या वयाच्या गावातल्या सगळ्याच बायका असंच उत्तर द्यायच्या. आमचं गाव गुहागर तालुक्यात, पण देशावर किंवा मराठवाड्यात वेगळं काही नव्हतं.

कारण १९२१ च्या आधीच्या पन्नास वर्षांत इथली माणसं जितकी जन्मत होती तितकी मरत पण होती. १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि लगेच पुण्यात. सावित्रीबाई फुले याच प्लेगमधे रुग्णांची सेवा करताना गेल्या, १० मार्च १८९७ ला. प्लेगच्या बंदोबस्तात घराघरात घुसून जी झडती झाली त्या रागातून त्याच वर्षी जूनमधे चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हा भाग शाळेत शिकवतात, पण त्या साथीत वाडेच्या वाडे रिकामे झाले हे तितकं कुणी सांगत नाही. मग १८९९-१९०० चा दुष्काळ. आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा, जो मुंबई बंदरातून आत शिरला आणि देशभरात कोटीच्या वर माणसं घेऊन गेला. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९११ ला साधारण २ कोटी १५ लाख लोक होते आणि १९२१ ला २ कोटी ८ लाख, म्हणजे दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. अख्ख्या देशाचं तेच झालं, म्हणून लोकसंख्येचा अभ्यास करणारे १९२१ ला मोठं वळण मानतात. त्यानंतर आजतागायत राज्याची लोकसंख्या कुठल्याच जनगणनेत घटलेली नाही.

वाढ झाली ती लोक जास्त मुलं जन्माला घालायला लागले म्हणून नाही. मुलं तेवढीच होत होती, फक्त ती मरायची थांबली. देवीची लस, मलेरियाची फवारणी, रेशनचं धान्य, विहिरीत टाकायची पावडर, पेनिसिलीन. (पिंपरीला १९५४ मधे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झालं ते याच काळात.) मृत्यू झपाट्याने खाली आले आणि जन्म कमी व्हायला अजून दोन पिढ्या लागल्या, मधल्या काळात जी दरी पडली तीच आपली 'लोकसंख्यावाढ'. १९६१ ला, म्हणजे राज्य झाल्यावरच्या पहिल्याच जनगणनेत, आपण ३ कोटी ९५ लाख होतो. १९९१ ला ७ कोटी ८९ लाख. तीस वर्षांत बरोबर दुप्पट.

दोन पिढ्या का लागल्या, तर ज्या बाईने तीन मुलं पुरलीत ती दोनवर थांबायला कशी तयार होईल? तिला आधी खात्री पटायला हवी की झालेली जगतील. मला वाटतं ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि सरकारी पोस्टरवर ती कधी आली नाही.

या विषयावर महाराष्ट्रात बोलायला सुरुवात मात्र फार लवकर झाली होती. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे हिंगण्याच्या महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, त्यांनी १९२१ मधे मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मधे मरेपर्यंत चालवलं, अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले, १९३४ मधल्या एका खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पुढे १९३८ मधे बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. कर्वे बाईच्या शरीराबद्दल, तिच्या सुखाबद्दल, तिच्या हक्काबद्दल बोलत होते. नंतर सरकारने जी मोहीम चालवली त्यात उरला तो फक्त आकडा, टार्गेट, केस.

पुण्याचा वाटा पण सांगायला हवा. १९३० ला धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि तिथे वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यात घरोघरी फिरून जन्म आणि मृत्यूंची पाहणी केली, ती १९५३ मधे छापून आली. देशाचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम तेव्हा जेमतेम सुरू झाला होता, १९५२ मधे. म्हणजे खेड्यातल्या बाईला किती मुलं झाली, किती गेली, हे तिलाच जाऊन विचारायचं काम आपल्या इथे तेव्हापासून झालंय.

मग कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला, 'दोन किंवा तीन' आलं, नंतर 'हम दो हमारे दो', आणि मग आणीबाणी. १९७६ मधे महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, हे आज कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, १९७७ ला सरकारच बदललं. पण धाक बसायचा तो बसलाच. पुरुष नसबंदीच्या नावाने बिचकले ते कायमचे, आणि सगळं ओझं बायकांवर आलं. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पुरुष नसबंदी अर्धा टक्का सुद्धा नाही. माझ्या आईचं ऑपरेशन १९८४ ला भाऊ झाल्यावर झालं, ती बत्तीस वर्षांची होती. बाबांचं करायचं का, हे दवाखान्यात कुणी विचारलं पण नाही, घरात पण नाही.

सक्तीने जे झालं नाही ते हळूहळू दुसऱ्या वाटांनी झालं. मुली शाळेत जायला लागल्या, लग्नाचं वय वर सरकलं, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन दाखवली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले, १९९९ ला त्यांचं हे काम जगभर गेलं. मूल जगतं ही खात्री पटली आणि मग बायकांनी आपणहून थांबायला सुरुवात केली. आजी नऊ, आई दोन, मी एक.

याच्यात एक फार वाईट गोष्ट पण झाली. कुटुंब लहान झालं पण मुलगा पाहिजे हे काही कमी झालं नाही. दोनच मुलं आणि त्यात एक मुलगा हवाच, म्हणून सोनोग्राफी मशिन आली तशी पोटातच मुली मारल्या गेल्या. महाराष्ट्राने १९८८ मधे देशात सगळ्यात आधी गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ चा, तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या त्या २००१ ला ९१३ झाल्या आणि २०११ ला ८९४. बीडमधे तर ८०७. त्याच २०११ साली साताऱ्यात 'नकुशी' नाव ठेवलेल्या दोनशेहून जास्त मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावं दिली, एकेका पोरीने स्वतःचं नाव निवडलं. आणि डिसेंबर २०२२ मधे सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून लग्नाळू मुलांनी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला, की आम्हाला मुली मिळत नाहीत. लोक तो व्हिडिओ बघून हसले. मला हसू आलं नाही, कारण ज्या मुली मिळत नाहीत त्यातल्या कितीतरी जन्मालाच आल्या नाहीत.

आता गर्दीकडे येते. २००१ ते २०११ मधे राज्य सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं, आधीच्या दशकात जवळपास २३ टक्के होतं. वाढ मंदावली, पण थांबायला वेळ लागतो कारण ऐंशी-नव्वदच्या दशकात जन्मलेली मोठी पिढी आता स्वतः आईबाप झाली, एकेक मूल झालं तरी एकूण जन्म बरेच होतात. पण नुसतं त्याने सिंहगड रोड जाम होत नाही. त्याच दहा वर्षांत पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी वाढला, ठाणे ३६ टक्क्यांनी, आणि रत्नागिरी जिल्हा चक्क घटला, जवळपास ५ टक्क्यांनी. सिंधुदुर्ग पण घटला. इतकंच काय, मुंबई शहर जिल्हा सुद्धा घटला, माणसं गिरणगावातून डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. म्हणजे माणसं हललीयेत.

पुण्याकडे माणसं लाटांनी आली. आधीपासून पेठांमधे दाटीवाटी होतीच, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठचं शहर वाहून गेलं, तेव्हा पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून गोखलेनगर, सहकारनगर अशा बाजूंना शहर पसरलं. साठच्या दशकात एमआयडीसी आली, पिंपरी, चिंचवड, आकुर्डीला कारखाने उभे राहिले. १९७२ चा दुष्काळ पडला आणि मराठवाडा, नगर, सोलापूरकडची माणसं खडी फोडायच्या कामावर गेली, त्यातली कितीतरी परत गावी गेलीच नाहीत. पिंपरी-चिंचवड १९८२ ला महापालिका झाली, १९९१ ला तिथे पाच लाखांच्या थोडे वर लोक होते, २०११ ला सव्वासतरा लाख. मग हिंजवडीचं आयटी. मग स्पर्धा परीक्षांची मुलं, सदाशिव पेठेत एका खोलीत चार-चार कॉट टाकून राहणारी. २०१७ ला ११ गावं, २०२१ ला २३ गावं महापालिकेत घेतली, पाण्याच्या लाइन मात्र त्या वेगाने गेल्या नाहीत, म्हणून आमच्या सोसायटीत टँकर.

आणि जे कायमचे येत नाहीत ते हंगामी. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की ती फिटेपर्यंत सुटका नाही. जोडी असली तरच उचल मिळते म्हणून मुलीचं लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी उरकतात. राज्यात अजूनही पाचातल्या एका मुलीचं लग्न अठराच्या आत होतं, त्यामागचं हे एक मोठं कारण.

म्हणून 'दोन अपत्यांचा कायदा कडक करा' म्हटलं की मला कळत नाही याने कुणाचं भलं होणार आहे. तो कायदा ऑलरेडी आहे, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायत निवडणूक लढवता येत नाही, २००५ च्या नियमांपासून सरकारी नोकरीला पण तीच अट. जिथे जन्मदर आधीच १.७१ आहे तिथे खरी गरज म्हाताऱ्यांकडे बघायची आहे. २०११ ला राज्यात साठीच्या पुढचे १ कोटी ११ लाखांच्या आसपास होते, आता नक्कीच बरेच जास्त असणार. कोथरूडमधे दुपारी फिरा, बिल्डिंगच्या बिल्डिंग अशा आहेत जिथे फक्त आजी-आजोबा आणि दाराशी ब्युरोतून आलेल्या मावशींच्या चपला.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, आपण अजून २०११ च्या आकड्यांवर रस्ते, पाणी, रेशन सगळं मोजतोय. आता नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरलीये, त्यात जात पण विचारणार आहेत, सगळ्या जातींची अशी मोजणी याआधी झाली ती १९३१ ला. आधी घरांची यादी होते आणि मग माणसांची. आमचं गुहागरचं घर यादीत बंद घर म्हणून लागेल, किल्ली शेजारच्या काकूंकडे असते आणि गणपतीत आम्ही जातो तेव्हाच उघडतं. आजोबांच्या वहीतल्या सहा जणांची मिळून आम्ही चौदा नातवंडं, त्यातलं एकही गावात राहत नाही. आठ जणं पुण्यात मोजली जाऊ.