न पडताच दुखणारं मनगट

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जिम्नॅस्टिक्सची उन्हाळी शिबिरं सुरू होतात. शाळा चालू असताना आठवड्याला दोन-तीन तास कोलांट्या आणि कार्टव्हील (हात टेकवून चाकासारखी कडेने मारलेली उडी) करणारी अकरा वर्षांची मुलगी आता सकाळ-संध्याकाळ मिळून रोज तीन तास मॅटवर असते. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणते, "सर, मनगट भरून आलंय." ती पडलेली नसते. सूज फारशी नसते. लिहिताना, जेवताना काही होत नाही. तळवा जमिनीवर टेकवून अंगाचा भार टाकला की मात्र मनगटाच्या मागच्या बाजूला, अंगठ्याकडे कळ येते. घरी म्हणतात, मुरगळलं असेल. मग हळदीचा लेप, क्रेप बँडेज, दोन दिवस सुट्टी आणि परत मॅट.

मुरगळायला काहीतरी घडावं लागतं. हात वेडावाकडा टेकला, सांध्याचे बंध ताणले, तासाभरात सूज आली, असा त्याला एक क्षण असतो आणि मूल तो बरोबर सांगतं. या दुखण्याला असा क्षण नाही. ते आठवड्या-आठवड्याने वर चढतं: आधी सराव संपल्यावर, मग सराव चालू असताना, शेवटी पहिलाच तळवा टेकवल्यावर. दहा ते चौदा वर्षांच्या जिम्नॅस्टला अंगठ्याच्या बाजूला असं दुखत असेल, तर ते हाडाच्या वाढीच्या चकतीचं दुखणं आहे असंच आधी धरावं, आणि तपासणीत ते खोडून निघालं तरच दुसरा विचार करावा. वैद्यकात याला 'जिम्नॅस्टचं मनगट' असंच म्हणतात.

वीट येते, गवंडी येत नाही

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूला रेडियस, करंगळीच्या बाजूला अल्ना. मनगटाशी रेडियस रुंद असतं आणि तळव्यावर आलेल्या भारातला साधारण ८० टक्के भार तेच कोपराकडे नेतं; अल्नाच्या वाट्याला २० टक्के येतो. मोठ्या माणसाचं रेडियस सलग हाड असतं, मुलाचं नसतं. सांध्यापासून सुमारे सेंटीमीटरभर अलीकडे त्यात कूर्चेची एक पातळ चकती आडवी बसलेली असते. रेडियसची लांबीतली तीन-चतुर्थांशाहून अधिक वाढ या एका चकतीतून होते. मुलींमध्ये ती साधारण १५ ते १७ व्या वर्षी, मुलांमध्ये त्याहून वर्ष-दोन वर्षं उशिरा हाडात बुजून जाते.

चकतीत पेशी थराथरांनी रचलेल्या असतात. सांध्याकडच्या थरात त्या विभागतात, पुढच्या थरात फुगतात, आणि कोपराकडच्या टोकाला त्यांच्याभोवती चुना साचतो. तिथे हाडातून आलेल्या बारीक रक्तवाहिन्या शिरतात, जुनी कूर्चा काढतात आणि हाड रचणाऱ्या पेशी आणून सोडतात. तळव्यावर पुन्हा पुन्हा आदळ बसली की नेमका याच रक्तवाहिन्यांचा पुरवठा बिघडतो. कूर्चेच्या पेशी फुगत राहतात, पण त्यांचं हाड करायला कोणी पोचत नाही. वीट येऊन पडते, गवंडी येत नाही. चकती जाड होत जाते, आणि फुगलेल्या पेशींचा हा थर चकतीतला सर्वांत नाजूक. एक्स-रेत चकती रुंद दिसली की "मूल वाढतंय म्हणून" असं समजून पालक निर्धास्त होतात. ते खरं तर खोळंबलेलं बांधकाम असतं.

हे लक्षात न घेता सराव चालू ठेवला तर चकतीचा काही भाग किंवा सगळी चकती वेळेआधी बुजू शकते. रेडियसची वाढ मागे पडते, अल्ना मात्र वाढत राहतं. प्रयोगशाळेत मोजलेला एक आकडा इथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे: अल्ना नेहमीपेक्षा अडीच मिलिमीटर लांब झालं, तर त्याच्यावरचा भार २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर जातो. अल्ना आणि मनगटाच्या हाडांच्या मध्ये कूर्चेची एक त्रिकोणी गादी असते, ती या दाबाने चेपते आणि फाटते. म्हणून अंगठ्याकडचं दुखणं काही महिन्यांनी करंगळीकडे सरकलं, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नये.

भार मोजून बघा

३२ किलोची मुलगी हातांवर स्थिर उभी राहिली तर प्रत्येक मनगटावर १६ किलो. बॅक हँडस्प्रिंगमध्ये, म्हणजे मागे झेप घेऊन हातांवरून पायांवर येण्याच्या उडीत, हात टेकण्याच्या क्षणी जमिनीचा उलटा धक्का अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो, म्हणजे ६४ किलोच्या वर. मुलांच्या पॉमेल हॉर्सवर (दोन कड्यांचा घोडा, त्यावर हातांच्या आधाराने पाय फिरवतात) मनगटाने दुप्पट वजनापर्यंतचे धक्के सोसलेले मोजले गेले आहेत. एका सत्रात ३० कार्टव्हील केल्या तर ६० वेळा हात टेकले. त्यात २० राउंड-ऑफ (कार्टव्हीलसारखीच, पण दोन्ही पाय एकत्र टेकवणारी उडी) आणि १५ हँडस्प्रिंग धरा, आकडा १३० वर जातो. प्रशिक्षकांनी तास मोजण्यापेक्षा हातटेकी मोजाव्यात. वहीत एक रकाना पुरतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट असते. तेच मूल पहाटे तालमीत जोर मारतं, शाळेत सूर्यनमस्कार घालतं आणि संध्याकाळी जिम्नॅस्टिक्सला येतं. तीन गुरुजी, तीन हिशेब, मनगट एकच. मल्लखांबाचं गणित थोडं वेगळं आहे. दोरीवर मनगट ओढलं जातं, दाबलं जात नाही. पुरलेल्या खांबावर बराचसा भार मांड्या, बगला आणि हातांची मिठी घेते. पण खांबाच्या टोकावर तळवे टेकून तोल धरायच्या प्रकारांत दाब परत येतो. आणि पावसाळा! खानापूरच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर मैदान बंद, सराव शाळेच्या हॉलमध्ये, शहाबादी फरशीवर पातळ मॅट टाकून. तीच कार्टव्हील, पण धक्का शोषायला खाली काही नाही. निदान हातावरच्या उड्यांसाठी तरी दोन गाद्या एकावर एक टाकाव्यात.

तपासणी

घरी दोन मिनिटांत एवढं बघता येतं. मनगटावर अंगठ्याच्या रेषेत हाडाचा जो टोकदार उंचवटा लागतो, तिथून कोपराकडे एक-दोन सेंटीमीटर सरकून हाडावर, मागून आणि कडेने, बोटाने दाबा. तिथे ठरावीक दुखलं तर तो चकतीचा इशारा. मग मुलाला टेबलावर तळवे टेकवून पुढे झुकायला सांगा. कळ आली तर संशय पक्का करावा. दुसऱ्या हाताशी तुलना करा, पण दोन्ही मनगटं एकदमच दुखणारी मुलं पुष्कळ असतात, हे विसरू नका.

मनगटाच्या मागे बरोबर मध्यभागी, हात पूर्ण मागे वाकवल्यावरच चिमटल्यासारखं दुखत असेल तर सांध्याचं आवरण चेपत असण्याची शक्यता जास्त, कधी छोटी गाठही असते. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो त्यात दुखत असेल तर स्कॅफॉइड हाडाला तडा गेला आहे का हे पाहावं लागतं, आणि ते लांबणीवर टाकू नये. ताप, लाल गरम सूज, किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर दोन्ही मनगटांचा एक्स-रे मागावा. चकती रुंद, तिची कोपराकडची कड धूसर किंवा खाचखळग्यांची दिसली की निदान जवळपास ठरतं. हात कसा ठेवला आहे त्यावर अल्नाची लांबी कमी-जास्त दिसते. म्हणून खांदा आणि कोपर दोन्ही काटकोनात ठेवून, तळवा प्लेटवर सपाट ठेवून घेतलेला एक्स-रेच लांबी मोजायला उपयोगाचा.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून मूल दुसऱ्या दिवशी व्हॉल्टवर, म्हणजे हात टेकवून उडी मारायच्या टेबलावर! नॉर्मल एक्स-रेचा अर्थ एवढाच की दुखापत लवकर पकडली गेली. शंका उरली तर एमआरआय आधी सांगतो. त्यासाठी बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावं लागतं, खर्चही होतो. पण खूण बरोबर जुळत असेल तर एमआरआयची वाट न बघता भार थांबवणं हाच योग्य निर्णय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मनगट ओढून 'बसवून' घेणं, बोटं मोडणं, जोरात मालिश करणं टाळा. बसवायला काही निखळलेलं नाही, आणि ओढण्याने दुखावलेल्या चकतीवर आणखी ताण येतो. सरावाआधी वेदनाशामक गोळी देणं त्याहून वाईट. दुखणं हाच तिथला एकमेव पहारेकरी आहे.

विश्रांती म्हणजे नेमकं काय

१९८५ साली २१ तरुण जिम्नॅस्टांची नोंद प्रसिद्ध झाली. एक्स-रेत बदल नसलेल्यांना बरं व्हायला सरासरी चार आठवडे लागले; बदल दिसलेल्यांना किमान तीन महिने. आठवड्यात पकडलं आणि दोन महिन्यांनी पकडलं यातला फरक एवढा आहे.

या काळात तळव्यावर भार शून्य. हातावर उभं राहणं, कार्टव्हील, जोर, सूर्यनमस्कार, पाठ मागे वाकवून हात-पायांवर केलेला पूल, सगळं बंद. मुठीवर जोर मारला तर चालतं, असा एक समज तालमीत आहे. मुठीवर मनगट मागे वाकत नाही हे खरं, पण दाब रेडियसमधूनच जातो, म्हणून तोही नको. प्लँक करायचा तर कोपरांवर. सायकलच्या हँडलवर रेलून खडबडीत रस्त्याने शाळेला जाणं हासुद्धा मनगटावरचा मार आहे; दोन-तीन आठवडे चालत किंवा बसने. दुखणं फार असेल तर डॉक्टर मनगटाची पट्टी देतात; तिचा मोठा फायदा असा की पट्टी बघून कोणी मुलाला "एकच कर" म्हणत नाही. बार आणि रिंगवर लोंबकळताना चकती दाबली जात नसली तरी ओढली जाते. एक्स-रेत बदल असतील तर तेही बंद. पाय, पोट, पाठ, लवचिकता, बीमवरच्या हात न टेकणाऱ्या उड्या खुशाल चालू ठेवाव्यात. पूर्ण घरी बसवलेलं मूल दहाव्या दिवशी चोरून हातावर उभं राहतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'विश्रांती' लिहून घेऊ नका. पीटीचे सर कन्नड बोलणारे, तालमीतले वस्ताद मराठी, चिठ्ठी इंग्रजीत. 'विश्रांती'चा अर्थ प्रत्येक जण आपला लावतो. 'अमुक तारखेपर्यंत तळव्यावर भार नाही. जोर, सूर्यनमस्कार, हँडस्टँड, कार्टव्हील नाही' असं नावानिशी लिहून घ्या.

परत सुरू करायची वेळ तीन गोष्टी जमल्यावर: हाडावर दाबून दुखत नाही, मनगट पूर्ण मागे-पुढे वाकतं, आणि टेबलावर झुकल्यावर कळ नाही. मग घरातला वजनकाटा कामाला येतो. मुलाने गुडघे टेकून बसावं, एक तळवा काट्यावर ठेवावा आणि अंगाच्या वजनाच्या पाव भागाएवढा दाब द्यावा. ३२ किलोला ८ किलो. १० सेकंद, पाच वेळा, दोन्ही हात. तीन-चार दिवस काही झालं नाही तर १२ किलो, मग १६. हा १६ चा टप्पा पार झाला की भिंतीच्या आधाराने जाड गादीवर हँडस्टँड. आठवडाभराने कार्टव्हील, एका सत्रात दहाच. त्यानंतर राउंड-ऑफ, मग बॅक हँडस्प्रिंग, सर्वांत शेवटी व्हॉल्ट आणि पॉमेल. प्रत्येक पायरीला निदान आठवडा. सराव करताना किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर एक पायरी खाली.

याच काळात हाताची ताकद वाढवावी. खोल डब्यात तांदूळ भरून त्यात मूठ उघड-मीट करणं, ओला टॉवेल पिळणं, एवढं साधं साहित्य पुरतं. खांदेही तपासा. ज्या मुलाचे हात कानापर्यंत सरळ वर जात नाहीत, ते हँडस्टँडमध्ये खांद्यातली कमतरता मनगटातून भरून काढतं, आणि मनगट काटकोनापलीकडे वाकतं. मनगट दुखतं म्हणून आलेल्या कितीतरी मुलांचा खरा व्यायाम खांद्याचा असतो. हात टेकताना बोटं पसरलेली आणि बोटांच्या पेरांनी जमीन धरलेली हवी. सगळा भार तळव्याच्या टाचेवर नको.

उंचीची नोंद ठेवा. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलची रेघ. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली की मूल वाढीच्या भरात आहे, चकती तेव्हा सर्वांत हळवी असते, आणि तो काळ नवीन उड्या शिकवायचा नाही. शिबिर असलं तरी पहिल्या आठवड्यात हातटेकी शाळेच्या दिवसांतल्याच ठेवून पुढे हळूहळू वाढवाव्यात.

एक्स-रेत एकदा बदल दिसले असतील, तर दुखणं थांबल्यावरही सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा, आणि चकती बुजेपर्यंत डॉक्टर सांगतील तेव्हा तेव्हा. पहिली फिल्म जपून ठेवा. निपाणीकडची माणसं कधी बेळगावला, कधी कोल्हापूरला दाखवतात आणि जुनी फिल्म घरीच राहते. अल्ना पुढे गेलं आहे की नाही हा फरक मिलिमीटरचा असतो, आणि दोन फिल्म शेजारी-शेजारी धरल्याशिवाय तो दिसत नाही.