करंगळीला मुंग्या आल्या की हँडलकडे बघा

माझा पुतण्या यंदा अकरावीला गेला. गाव दारव्हा तालुक्यात, कॉलेज ११ किलोमीटरवर. हट्ट करून त्यानं रेंजर सायकल घेतली, जाड टायरची, सरळ दांडीच्या हँडलची. पंधरा दिवसांत तक्रार सुरू. "काका, करंगळी मेल्यावानी होते. लिवताना कागदावर टेकली तं समजतच नाही." वहिनींनी अशक्तपणा समजून आठवडाभर तेल चोळलं. मी एवढंच विचारलं, नेमकी कोणती बोटं? तर करंगळी आणि तिला लागून असलेल्या बोटाची अर्धी बाजू. अंगठा ठणठणीत होता. तेव्हाच मी सायकल अंगणात काढायला सांगितली.

कोपर चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत करंट लागतो ना, तीच ही नस. कोपरामागून ती खाली मनगटात येते आणि तळहातात शिरताना एका अरुंद बोळातून जाते. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स ग्युयाँ यांनी १८६१ साली या बोळाचं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. जागा तुम्हालाही सापडेल. मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला अंगठ्यानं चाचपा, वाटाण्याएवढं हाड लागेल. नस त्याला चिकटून जाते आणि वर चरबीचं पांघरूण फारसं नाही. सरळ हँडलवर तळहाताची नेमकी हीच कड टेकते, वर शरीराचा भार येतो आणि खडीच्या रस्त्याचे हादरे त्याच जागी बसतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर नस वेगळी. ती मनगटाच्या मधोमध जाते आणि मनगट मागे मोडून धरलं की दबते.

आता एक प्रयोग. दोन तुराट्या घ्या, वीतभर लांबीच्या. कोपरं अंगालगत सैल सोडा, डोळे मिटा आणि सायकल धरल्यासारख्या दोन्ही मुठीत धरा. डोळे उघडून बघा. तुराट्या एका रेषेत नसतातच. बाहेरची टोकं मागे आणि थोडी खाली झुकलेली, घराच्या छपरासारखी. मुठीची ही स्वाभाविक ठेवण. सरळ दांडी धरायची तर मनगट मुरडावं लागतं, नाहीतर कोपरं बाहेर काढावी लागतात. आजोबांच्या काळ्या सायकलचं हँडल आठवा, मुठी पार मागे वळलेल्या. ती सायकल जुनाट म्हणून हसण्यावारी नेली जाते, पण त्या वळणात हाताचा अभ्यास होता असं माझं मत आहे.

दुसरा प्रश्न उंचीचा. डोकं, धड आणि हात मिळून शरीराचं साधारण दोन तृतीयांश वजन होतं. ६० किलोच्या माणसात ते ४० किलो. ताठ बसलात तर ते बहुतेक सीटवर जातं. पुढे वाकलात की त्यातला वाटा हातांवर येतो, आणि रस्ता दिसावा म्हणून मान मागे मोडून धरावी लागते ती वेगळीच. शर्यतवाले इतके वाकतात, त्यांना कसं चालतं? एक तर ते पायडल जोरात दाबतात आणि त्या रेट्यानं अंग थोडं उचललं जातं. दुसरं, त्यांचा वेग. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणजे ताशी १५ वरून ३० किलोमीटरवर गेलात तर आठपट. तिथं वाकणं फायद्याचं. आपण दप्तर किंवा दुधाची कॅन घेऊन बारा-पंधराच्या वेगानं जाणार, त्यात वाकून फारसं काही वाचत नाही. समोरून वारा असेल तेवढ्यापुरतं वाका.

ताठ बसण्याचीही किंमत आहेच. हादरा सीटवाटे थेट कण्यात जातो. काळ्या सायकलला रुंद, स्प्रिंगची सीट असायची ती याचसाठी. हँडल उंच केलं आणि सीट अरुंद, कडकच ठेवली तर दुखणं हातातून कमरेत जातं.

रुंदीचं गणित पान्याच्या दांडीचं. दांडी लांब तर जोर कमी लागतो. पावसाळ्यात बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर वाळून दगड होतात. अशा पांदणीत चाक चाकोरीत सापडलं की रुंद हँडल सावरतं. पण खांद्यांपेक्षा फारच रुंद झालं तर हात ताणले जातात आणि अंग पुन्हा पुढे ओढलं जातं. आठवीतल्या मुलीच्या हातात मोठ्या माणसाच्या मापाचं हँडल आलं की हेच होतं.

मुठींबद्दल एकच सांगतो. दुकानात दाबून बघितल्यावर छान वाटणारी गुबगुबीत मूठ घेऊ नका. तळवा तिच्यात रुततो आणि नस तशीच दबते. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की त्यातल्या काही चिकट होतात. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली परवडली.

हँडल बदलायचंच असेल तर जुनं सोबत न्या. मुठीची जाडी बहुतेक ठिकाणी २२ मिलिमीटरच असते, पण मधल्या पकडीची कुठं २५.४, कुठं ३१.८. सळईच्या ब्रेकवाल्या काळ्या सायकलचं हँडल ब्रेकसकट येतं, ते रेंजरला बसवायच्या भानगडीत पडू नका.

आम्ही हँडल बदललं नाही. गावातल्या मिस्त्रीनं वरचा बोल्ट सैल केला, त्यावर लाकूड ठेवून हातोडी मारली, आतली पाचर सुटली आणि हँडल तीन बोटं वर आलं. दांडीवर कोरलेली मर्यादेची रेघ मात्र आतच ठेवली. रेघ बाहेर आली तर हँडल हातात येऊ शकतं. मग सीट थोडी मागे सरकवली, टायरमधली हवा जराशी कमी केली. पोराला सांगितलं, दर दहा मिनिटांनी हात हलवत जा, आणि दोन बोटांच्या फटीत धरलेला कागद निसटायला लागला तर गप्प बसू नको, डॉक्टरकडे जाऊ.

तीन आठवड्यांत मुंग्या गेल्या. पण हँडल उचलल्यानं मागच्या ब्रेकची वायर तोकडी पडली. डावीकडे पूर्ण वळवलं की ब्रेक आपोआप लागायचा. मिस्त्री हसला, "मले वाटलंच होतं, सर." वायर बदलली. पुतण्याची आता वेगळीच कुरकुर आहे. पोरं त्याच्या रेंजरला 'आबाजीची सायकल' म्हणतात.