उकळत्या पाण्याने कॉफी जळत नाही

नाशिकच्या ट्रेकर आणि सायकलस्वारांमध्ये एक समज घट्ट रुतून बसलाय: उकळतं पाणी थेट वापरलं की कॉफी जळते, म्हणून आधी ते निवू द्यायचं. हे चूक आहे. बिया भाजतानाच २०० अंशांच्या आसपास तापलेल्या असतात. १०० अंशांचं पाणी त्यांना काय जाळणार?

त्यातून डोंगरावर पाणी कमी तापमानालाच उकळतं. नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेर किल्ल्याची उंची १५६७ मीटर. तिथे सुमारे ९५ अंशांनाच उकळी फुटते. वर गार वारा आणि पातळ स्टीलचं भांडं. अशात थांबलात तर अर्क नीट उतरत नाही, कॉफी आंबट आणि पाणचट लागते.

कडवटपणा येतो तो पूड चहासारखी खळखळ उकळत ठेवल्याने, नाहीतर फार बारीक दळल्याने. (कॉफीत मिसळतात त्या चिकोरीचा, म्हणजे भाजलेल्या मुळांच्या पुडीचा कडवटपणा तर वेगळाच, तो पाण्याच्या माथी मारू नका.) पाव लिटर पाण्याला १५ ग्रॅम जाडसर पूड घ्या. उकळी आली की स्टोव्ह बंद करा, लगेच पूड टाका, ढवळा, झाकण ठेवा. चार मिनिटांनी वर तरंगणारा थर चमच्याने हलकेच मोडा, गाळ खाली बसू द्या. मग भांडं न हिंदकळवता ओता; तळाचा घोट भांड्यातच राहू द्या.