'एकास सहा' या सिमेंट-वाळूच्या प्रमाणाची पार्श्वभूमी: सातारा-सांगलीच्या भिंतींमधला माल

वाई आणि माहुलीच्या जुन्या घाटा-देवळांत काळा दगड इतका नेटका घडवलेला दिसतो की सांध्यातल्या मालाला, म्हणजे दगड-विटा जोडणाऱ्या मिश्रणाला, फारसे काम उरत नाही. वाड्यांचे तसे नव्हते. जोत्यापर्यंत घडीव दगड आणि त्यावर पांढरीच्या (जुन्या गावठाणाच्या पांढऱ्या) मातीत किंवा चुन्यात बांधलेली भाजक्या विटांची भिंत. चुना बैल जुंपलेल्या घाणीत मळला जाई. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे काम दमानेच चाले. साध्या घरांना मात्र अनघड दगड आणि माती.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात पडली ती मुख्यतः ही अनघड दगडांची घरे. त्यांच्या भिंती जाड होत्या, पण एकसंध नव्हत्या. बाहेर एक तोंड, आत एक तोंड, मध्ये कपच्या आणि माती, आणि दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. हादरे बसले की मधला भराव खाली बसतो, तोंडे फुगतात आणि छताखालचा आधार सुटतो. अशा बांधकामासाठी १९९३ मध्ये आलेल्या मानकात भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि दर ६०० मिलिमीटर उंचीला व आडव्या अंगाने जास्तीत जास्त १.२ मीटरवर आरपार दगड हवा, असे सांगितले आहे. लोकांनी मात्र भूकंपाचा धडा 'माती सोडा, सिमेंट वापरा' एवढाच घेतला. तो अर्धाच आहे. आरपार दगड नसेल तर सिमेंटमधली भिंतही दोन पापुद्र्यांचीच राहते.

सिमेंटही लगेच हाताशी आले नाही. फेब्रुवारी १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठेपर्यंत ते परमिटवर मिळे. पूर्ण मोकळीक १९८९ मध्ये मिळाली. त्यानंतर कॉलम-बीमचा सांगाडा तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. वजन पेलणारी नऊ इंची भिंत मागे पडली आणि सहा व चार इंची भिंती आल्या. त्यांना छत पेलायचे नसते, फक्त जागा अडवायची असते.

याच काळात 'एकास सहा' हा शब्द प्रत्येक कराराच्या कागदावर बसला, आणि आज सगळ्यात जास्त घोळ त्याचाच आहे. एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू, हे ठीक. पण भाग कशाने मोजायचा? ५० किलोची गोणी सुमारे ३५ लिटर, म्हणजे सव्वा घनफूट. म्हणजे गोणीला साडेसात घनफूट कोरडी वाळू. त्यासाठी ४० × ३५ × २५ सेंटिमीटरचा फरमा (मापाची पेटी) करतात, तो बरोबर ३५ लिटरचा होतो. गोणीमागे सहा फरमे, वरून फळीने सपाट केलेले. साइटवर फरमा पडून राहतो आणि घमेले चालते, कधी काठोकाठ, कधी शीग लावून. 'एकास सहा'चे 'एकास आठ' व्हायला दुसरे काही लागत नाही.

वाळूची ओल उलट दिशेने फसवते. थोडी ओली वाळू फुगते. पाच-आठ टक्के ओलीला बारीक वाळूचे आकारमान २०-३० टक्क्यांनी वाढू शकते, आणि पूर्ण पाण्याखाली गेली की ती पुन्हा मूळ मापावर येते. सरळ बाजूच्या बरणीत ओली वाळू २० सेंटिमीटरपर्यंत भरा, बाहेर काढा, बरणीत अर्धे पाणी घ्या, तीच वाळू परत टाकून ढवळा. ती १६ सेंटिमीटरवर बसली तर फुगवटा २५ टक्के आणि गोणीला सहाऐवजी साडेसात फरमे लागतात. हे न पाहता सहाच टाकले तर माल मजबूत होतो, पण सिमेंट जास्त जाते आणि 'वाळू पुरली, सिमेंट संपले' ही तक्रार सुरू होते.

त्यात ब्रासची भर. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तरी वाळू अजून ब्रासवरच विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. कोरडी असेल तर 'एकास सहा'च्या हिशेबाने साधारण १३ गोण्यांना पुरते. फुगलेली ब्रास साडेदहा गोण्यांतच संपते. तिथे तोटा घेणाऱ्याचा. आणि गिलाव्याच्या मजुरीत ब्रास म्हणजे १०० चौरस फूट! एकाच करारात दोन्ही अर्थ येतात, म्हणून शब्दापुढे 'घन' की 'चौरस' हे लिहून घ्यावे. चार इंची भिंतीला एकास चार घेतात, हेही वेगळे नोंदवलेले बरे.

फेब्रुवारी २०१२ च्या न्यायालयीन निकालाने पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली. नदीची वाळू महागली आणि क्रश सँड रुळली. दगड तोच काळा. पूर्वी त्याची खांडकी काढत, आता भुगा करतात. मात्र क्रशरखालची डस्ट म्हणजे क्रश सँड नव्हे. काँक्रीटसाठी मानकात ७५ मायक्रॉनखालची पूड नैसर्गिक वाळूत ३ टक्के आणि क्रश सँडमध्ये १५ टक्क्यांपर्यंत चालते. गिलाव्याला ही १५ ची सवलत लावू नये. पूड जास्त की पाणी जास्त लागते, आणि वाळताना गिलाव्यावर जाळीसारख्या भेगा पडतात.

सांगलीला २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी आणखी एक प्रश्न दिला. पाणी ओसरल्यावर माती-चुन्यातल्या जुन्या भिंतींच्या दरजा (विटांमधले सांधे) घाईने सिमेंटने भरल्या की आतली ओल कोंडते, बाहेर पडायला वीट शोधते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि विटेचे तोंड पापुद्र्याने सुटते. अशा भिंतीची दरज रुंदीच्या दुप्पट खोल खरवडून ब्रशने साफ करावी, भिंत पुरती सुकू द्यावी, मग भरण्याआधी नुसती ओलावून चुन्याचाच माल दाबून भरावा.