बाराव्या दिवसाचे सपिंडीकरण आणि प्रेताची वर्षभराची वाट

आत्म्याला अग्नी जाळत नाही हे एकदा मान्य केले, की नरकातला दाह नेमका कोणाला होतो, या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. ऋग्वेदातला यम पितरांचा राजा आणि परलोकाची वाट शोधणारा. दंड देणारा न्यायाधीश हे त्याचे रूप पुढचे. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात मात्र स्पष्टच म्हटले आहे, की पापी माणसाला मेल्यानंतर पंचभूतांच्या अंशांपासून केवळ यातना सोसण्यासाठी दुसरे शरीर मिळते.

मराठवाड्यात सुतकात जे गरुडपुराण वाचले जाते, त्यात हे शरीर घरचेच लोक घडवतात. पहिल्या दिवसाच्या पिंडाने मस्तक होते आणि असे एकेक अवयव होत दहाव्या दिवशी त्या देहाला भूक-तहान लागते. पैठण, गंगाखेड किंवा नांदेडच्या गोदाकाठी दशक्रियेला पिंडाला कावळा शिवेना, की जवळची माणसे हात जोडून ‘लेकरांचं आम्ही बघतो, काळजी करू नका’ असे मोठ्याने सांगतात, तेव्हा समोर कोणीतरी भुकेला देहधारी आहे हेच त्यांनी धरलेले असते. तेराव्या दिवशी यमदूत त्याला घेऊन निघतात. वाट ८६,००० योजनांची, चाल रोज २४७ योजनांची, वाटेत सोळा नगरे; म्हणजे वर्षभराचा प्रवास, आणि या वाटेवर त्याला महिन्यामहिन्याच्या श्राद्धाचाच आधार.

खरा पेच इथेच आहे. प्रेताचा, म्हणजे अजून वाटेवर असलेल्या मृत जीवाचा, पितर करणारा सपिंडीकरणाचा विधी गृह्यसूत्रांनी, म्हणजे घरच्या संस्कारांच्या प्राचीन ग्रंथांनी, वर्षाअखेरीस सांगितला. घरात मंगलकार्य निघाले तर आधी करण्याची मुभा ठेवली. पुढे आयुष्याचा भरवसा नाही आणि कुळाचार अनंत आहेत, या कारणांनी बारावा दिवसच प्रशस्त ठरला. पण बाराव्याला जो पितर झाला, तो तेराव्याला प्रेत होऊन यमाच्या वाटेला कसा लागतो? धर्मशास्त्राचे संग्रह रचणाऱ्या निबंधकारांनी तोडगा काढला, की सपिंडीकरणाचा अधिकार यावा म्हणून वर्षभरातली सोळा श्राद्धे आधीच उरकावीत आणि त्यांतली मासिके, म्हणजे महिन्यामहिन्याची श्राद्धे, आपापल्या तिथीला पुन्हा करावीत. एकच विधी दोनदा सांगावा लागतो, याचा अर्थ मूळ विसंगती त्यांनाही जाणवत होती असाच घ्यावा लागतो. दिलेली कारणेही पाहिली तर ती मागे राहिलेल्यांची आहेत. वाटेवरच्या जीवाचे दुःख बारा दिवसांत संपते, असे ती म्हणत नाहीत. जिवंतांच्या सोयीचा हा निर्णय गैर नव्हता, परंतु तो मृताच्या हिताचा म्हणून सांगितला गेला, हे खटकते.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने धर्मशास्त्राचा जो प्रचंड संग्रह सिद्ध केला, त्यात श्राद्धाला मोठा भाग दिलेला आहे. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या संत एकनाथांची कथा वेगळ्या दिशेने जाते: श्राद्धाचे अन्न त्यांनी भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, ब्राह्मणांनी बहिष्कार घातला, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन जेवले. पितरांना देह आहे, हे या कथेलाही मान्य आहे. कोणाच्या मुखाने ते जेवतात, याबद्दलच तिचा वाद आहे.

१८७३ नंतर सत्यशोधकांनी पुरोहिताविना अंत्यविधी सुरू केले आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातल्या असंख्य घरांनी पिंडदान सोडले. ज्या घरांत ते टिकले, तिथे दशक्रियेला कीर्तन किंवा प्रवचन ठेवले जाते आणि नरकाची वर्णने मृतापेक्षा मांडवात बसलेल्यांना उद्देशून सांगितली जातात. बारावा, तेरावा आणि वर्षश्राद्ध लोक कसोशीने करतात; पण ज्यांच्यावर प्रेताची वर्षभराची वाटचाल अवलंबून मानली होती, ती मधली मासिके बहुतेक घरांत आता होतच नाहीत.