मर्यादित संख्येच्या स्पोर्ट्स कारचे पुनर्विक्रीमूल्य (पुणे)

काही वेगवान मोटारी मोजक्याच निघतात. कधी कंपनी आकडा आधीच जाहीर करते, कधी खप न झाल्याने उत्पादन लवकर बंद पडते. पहिल्या प्रकारात आकडा विक्रीसाठी वापरलेला असतो, दुसऱ्यात तो नाइलाजाने ठरलेला असतो. जुन्या गाडीच्या बाजारात हा फरक काही वर्षांतच पुसला जातो. गिऱ्हाईक मग दोनच गोष्टी विचारतो : पार्ट मिळतात का, आणि कागद स्वच्छ आहेत का. पुण्यातल्या या बाजाराचा अनुभव असा, की केवळ दुर्मीळपणावर किंमत टिकत नाही. दुर्मीळ गाडीच्या आत साधी, सर्वत्र वापरलेली यंत्रणा असेल, तर मात्र ती टिकते.

जागतिक लिलावांत संख्येचे मोल प्रचंड आहे. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात ३६ निघाल्या. त्यांपैकी एक २०१८ मध्ये मॉन्टेरे येथे ४.८४ कोटी डॉलरला विकली गेली. पण त्या गाड्यांमागे शर्यतींचा इतिहास आहे. नुसत्या आकड्यावर चढलेली किंमत कशी उतरते, हे २०१६ च्या पोर्शे ९११ आर वरून दिसते. ९९१ गाड्या, हाताचा गिअर, वजन कमी. सट्टेबाजांनी तिचे भाव मूळ किमतीच्या कित्येक पट नेले. २०१७ मध्ये कंपनीने हाताच्याच गिअरची ९११ जीटी३ टूरिंग काढली आणि ते भाव घसरले. तोच अनुभव आता संख्येची मर्यादा नसलेल्या गाडीत मिळू लागला होता.

भारतातले उदाहरण फोक्सवॅगन पोलो जीटीआयचे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ही तीन दारांची, १.८ लिटर टर्बो इंजिनाची गाडी आयात होऊन २५.९९ लाखांना आली. पहिली तुकडी ९९ गाड्यांची. पुढच्याच वर्षी कंपनीने किंमत सुमारे ६ लाखांनी उतरवली. ज्यांनी आधी घेतली, त्यांचे नुकसान एका दिवसात झाले. याउलट स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, २०२० मध्ये २०० गाड्या, ३५.९९ लाख, सगळ्या विकल्या गेल्या. हिचा भाव चांगला राहिला याचे कारण २०० हा आकडा एकटा नाही. साध्या ऑक्टाव्हियाचे बरेचसे सुटे भाग हिला चालतात, आणि गिअरबॉक्स तेलात बुडालेल्या क्लचचा आहे. पोलो जीटीआयचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा. गर्दीत सतत थांबत-सुटत चालवल्यास त्याचा मेकॅट्रॉनिक भाग (गिअर बदलणारी नियंत्रण यंत्रणा) आणि क्लच तापतात. हिंजवडीच्या रांगेत रोज गेलेली आणि रविवारी लोणावळ्याला जाऊन आलेली, या दोन गाड्यांचे किलोमीटर सारखे असले तरी त्यांची किंमत सारखी धरू नये.

पुणे जिल्ह्याचे स्वतःचे योगदान अबार्थ पुंटोचे, म्हणजे फियाट पुंटोच्या वेगवान आवृत्तीचे आहे. रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यातून २०१५ मध्ये ही गाडी निघाली : १.४ लिटर टी-जेट टर्बो पेट्रोल, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत १० लाखांच्या आत. फियाटने भारतातले काम आवरल्यावर ती आपोआप मर्यादित झाली. आज तिच्यामागे खरे चाहते आहेत, आणि ते योग्यच आहे. इतक्या पैशात इतका जीव ओतलेली गाडी इथे दुसरी बनली नाही. नकली गाड्याही त्यामुळेच फिरतात. साध्या पुंटोला अबार्थचा विंचवाचा बिल्ला आणि रंगीत पट्टे लावणे अवघड नाही. नोंदणी पुस्तकातल्या घनक्षमतेवर विसंबू नये, कारण टर्बो नसलेले साधे १.४ ‘फायर’ इंजिनही १३६८ सीसीचेच आहे. बॉनेट उघडून टर्बो आणि इंटरकूलरचे पाइप पाहावेत, आणि मागच्या चाकात डोकावावे. तिथे डिस्कऐवजी ड्रम दिसला, तर बोलणी तिथेच थांबवावीत.

टी-जेटला टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट वयानेही संपतो. कमी चाललेल्या संग्रहातल्या गाडीत तो कोरडा पडून तुटतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. त्यामुळे ‘फक्त १८ हजार चाललेली’ अशा जाहिरातीला बेल्ट कधी बदलला हे बिलासकट विचारावे. बिल नसेल, तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप यांचा खर्च भावातून वजा करूनच बोलावे. इंजिनाचे बरेच पार्ट लिनिया टी-जेटशी जुळतात, म्हणून नाना पेठेतल्या दुकानांतून किंवा जुन्या लिनियातून गरज भागते. अबार्थचे खास बंपर, बाजूच्या पट्ट्या आणि चाके मिळवणे मात्र जिकिरीचे आहे. गाडी घेताना ही वरवरची वाटणारी अंगे शाबूत असणे इंजिनाइतकेच मोलाचे धरावे.

आता उलटी बाजू. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी, उघड्या टपाची फायबर बॉडीची गाडी रेनोच्या १.२ लिटर इंजिनावर चालते. पुण्याजवळ बनलेली डीसी अवंती मधोमध इंजिनाची, रेनोचेच २ लिटर टर्बो इंजिन असलेली. दोन्ही खऱ्या अर्थाने दुर्मीळ. पण रेनोच्या या इंजिनांचे पार्ट इथल्या दुकानांत सहज मिळत नाहीत. काचा, दिवे, दारांचे रबर तर कुठेच तयार मिळत नाहीत. फुटलेला फायबर पॅनेल साचा घेऊन हाताने बनवावा लागतो. शिवाय अवंतीच्या काही गाड्यांच्या नोंदणी आणि कर्जांबाबत मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०२० मध्ये फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. आरोप एकाच गाडीची दोनदा नोंदणी झाल्याचा होता. म्हणून ही गाडी घेताना चॅसीवर कोरलेला क्रमांक, इंजिन क्रमांक आणि ‘वाहन’ पोर्टलवरची नोंद, तिन्ही समोरासमोर ठेवून ताडणे अनिवार्य आहे.

तपासणी

रंगाची जाडी मोजणारे यंत्र बाळगावे. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो; २०० च्या वर गेल्यास पुन्हा रंगवले आहे, ५०० च्या पुढे खाली लांबी (पुट्टी) भरली आहे असे समजावे. एकाच दारावर पाच ठिकाणी मोजावे. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉनेटला साधे चुंबकीय यंत्र चालत नाही, आणि फायबर किंवा कार्बनवर तर अ‍ॅल्युमिनियमसाठीचे यंत्रही निकामी ठरते. तिथे आतली बाजू, स्क्रूंची डोकी आणि कडा पाहाव्या लागतात. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय सौदा करू नये. पुण्यातल्या उंच गतिरोधकांनी पुढच्या बंपरचा ओठ, खालचे प्लास्टिक आणि ऑइल सम्प खरवडलेला असतोच. ओरखडे चालतील, पण वेल्डिंगचे डाग चालणार नाहीत. टायरच्या बाजूवरचे चार आकडे बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर खाच खोल दिसली तरी बदलण्याच्या हिशेबात धरावेत.

पूर हा पुण्यातला वेगळा धोका आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने, आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर मुठेच्या पाण्याने तळघरातल्या गाड्या बुडवल्या. सीटखालचे गालिचे उचलून रुळांवरचा गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारी चिखलाची रेघ आणि वायरिंगच्या जोडांतली हिरवट पूड तपासावी. धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाडीतही सीटबेल्टचे शेवटचे टोक क्वचितच कोणी धुते.

कागद

मर्यादित गाडीची अर्धी किंमत फाइलमध्ये असते. मूळ बिल, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची बिले, मॅन्युअल, टूलकिट, मर्यादित संख्येतला क्रमांक कोरलेली पट्टी. आयात गाडीला बिल ऑफ एन्ट्री आणि सीमाशुल्क भरल्याची पावती. कार्ने पद्धतीने तात्पुरती आलेली गाडी देशाबाहेर परत न्यावीच लागते. ती कोणी स्वस्तात देऊ केली, तर हात लावू नये.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के एकरकमी कर आहे. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के. कराची कमाल मर्यादा २० लाख होती, ती १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. म्हणूनच महागड्या गाड्या कमी कराच्या राज्यांत पासिंग करून इथे चालवल्या जातात. बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवल्यास कायद्याने नोंदणी बदलावी लागते : मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८), मग इथला कर. परपासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण हा कर धरला की एमएच-१२ किंवा एमएच-१४ पासिंगची बहुधा किफायतशीर ठरते. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३०, आणि कर्ज असल्यास फेडल्यावर फॉर्म ३५ सह बँकेचे पत्र लागते. विसार देण्याआधी कर्जाची नोंद, ई-चलन आणि ‘ब्लॅकलिस्ट’ पोर्टलवर पाहून घ्यावे. विकणाऱ्यानेही नाव बदलण्याची घाई करावी. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

पंधरा वर्षांनी आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ४० हजार, वीस वर्षांपुढे ८० हजार रुपये. ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला मात्र २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते : नवी नोंदणी २० हजार, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, संशोधन, इंधन आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणता येते.

जपणूक आणि विमा

पुण्याची कोरडी हवा मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यापेक्षा पत्र्याला मानवते. अडचण पावसाच्या चार महिन्यांची. बंद गॅरेजमध्ये ओल धरते, म्हणून प्लास्टिकचे आवरण टाळून हवा खेळणारे कापडी घालावे. बॅटरीला ट्रिकल चार्जर लावावा. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा ४-५ पीएसआय जास्त ठेवावी, आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा गाडी वीस मिनिटे तरी रस्त्यावर न्यावी. जागेवरच पाच मिनिटे इंजिन चालवल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचते. पेट्रोलमधला इथेनॉल ओलावा ओढून घेतो, त्यामुळे जुन्या गाडीत पेट्रोल महिनोन्‌महिने राहू देऊ नये. रबरी नळ्या दरवर्षी पाहाव्यात. पुण्यात २०२० पासून १०० ऑक्टेनचे पेट्रोल काही पंपांवर मिळते. ऑक्टेन वाढला म्हणून साध्या इंजिनाची ताकद वाढत नाही. रीमॅप केलेल्या (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) टर्बोला मात्र तो उपयोगी पडतो. रीमॅपची गाडी विकताना मूळ सॉफ्टवेअर, मूळ एक्झॉस्ट आणि एअर फिल्टर सोबत असल्यास संग्राहक ऐकून घेतो, नाहीतर भाव पाडतो.

विम्यात हमखास चूक होते. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ठरलेल्या तक्त्याने उतरतो : दुसऱ्या वर्षात २० टक्के घसारा, पाचव्या वर्षात ५० टक्के. बाजारभाव टिकलेली गाडी चोरीला गेली, तरी भरपाई तक्त्यानेच मिळते. पाच वर्षांनंतर आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरतो. तेव्हा मूल्यांकनाचा अहवाल, तारीख टाकलेली छायाचित्रे आणि तशाच गाड्यांच्या ताज्या विक्रीचे कागद जोडून लेखी आकडा मागावा आणि पॉलिसीवर तो छापून आल्याशिवाय हप्ता भरू नये.