मुंबई–न्यूयॉर्क: अंतर, तास आणि ‘थेट’चा घोळ

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५३० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणली तर ती क्वेट्ट्याजवळून अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, व्होल्गाचं खोरं, दक्षिण फिनलंड आणि आइसलंडवरून जाते, ग्रीनलंडच्या टोकाला वळसा घालून कॅनडात शिरते. सपाट नकाशावर हा उगाच घेतलेला फेरा वाटतो. जवळची वाट तीच. अर्थात या दोरीवरून विमान क्वचितच जातं.

१९६० च्या मे महिन्यात एअर इंडियाचं बोइंग ७०७ हे जेट विमान लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं युरोपातल्या थांब्याचीच.

घोळ आहे तो ‘थेट’ या शब्दाचा. विमान व्यवसायात ‘डायरेक्ट’ म्हणजे एकच फ्लाइट नंबर. मध्ये विमान उतरेल, इंधन भरेल, कधी तर विमानच बदलेल. नंबर तोच राहिला की सेवा डायरेक्ट. कुठेही न उतरता जातं ते ‘नॉनस्टॉप’. मराठी बातमीत दोन्हींना ‘थेट विमानसेवा’च म्हणतात. त्यामुळे लंडनला थांबणारी सेवाही थेट आणि २००६ च्या नोव्हेंबरात एका अमेरिकी कंपनीने सुरू केलेली न थांबणारी सेवाही थेट. २००७ च्या ऑगस्टमध्ये भारतीय कंपनीने याच मार्गावर न थांबता जाणारं लांब पल्ल्याचं बोइंग ७७७-२००एलआर आणलं, तेव्हा ‘पहिली’ कोण यावर वाद घालायला दोन्ही बाजूंना जागा होती. आमच्या मते ‘विनाथांबा’ हा शब्द वापरला असता तर वादच उरला नसता. तिकीट काढताना आजही ‘स्टॉप्स: ०’ हेच पाहावं, ‘डायरेक्ट’वर जाऊ नये. एका थांब्याचे दीड-दोन तास सहज जातात: खाली येणं, टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवरून गेट-धावपट्टीदरम्यान सरकणं), इंधन, पुन्हा रांग, पुन्हा चढण.

विनाथांबा जाताना पंधरा-सोळा तास, येताना चौदाच्या आसपास. अंतर तेच, पण उत्तर अटलांटिकवरचा जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून जाताना तो समोरून येतो. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त. वेळापत्रकातले तास ब्लॉक टाइमचे असतात, म्हणजे गेटवरून हलल्यापासून गेटला लागेपर्यंत. न्यूयॉर्कची टॅक्सी-रांग त्यातच आली.

खरी उलथापालथ २०१९ पासूनची. २७ फेब्रुवारी ते १६ जुलै पाकिस्तानचं आकाश बंद होतं. २०२२ पासून अमेरिकी विमानांना रशियावरून जाता येत नाही, भारतीय विमानांना येतं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने फक्त भारतीय विमानांना रोखलं. परिणामी त्याच दोन शहरांमधली वाट विमान कोणत्या देशाचं यावर ठरते. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबईला समुद्रावरून निघता येतं, त्यामुळे झळ कमी. वळसा वाढला की इंधन वाढतं, आणि त्या वाढीव इंधनाचा बराच भाग ते वाहून नेण्यातच जळतो. मग माल उतरवतात, नाहीतर काही जागा रिकाम्या ठेवतात.

तास मोजताना घड्याळही फसवतं. रात्री १:३० ला निघून त्याच सकाळी ७:३० ला पोचलात, तर सहा तास नाहीत. हिवाळ्यात त्यात साडेदहा मिळवा, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेतलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतं, आपलं सरकत नाही.